लिनक्सवर अ‍ॅप नीट चालंना झालंय? काढून परत टाकायच्या आधी हे करून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि आमच्या सांगली-मिरजेत ओळखीतल्या कितीतरी जणांनी जुनी मशीन भंगारात घालायच्या ऐवजी त्यावर लिनक्स टाकून घेतलं. मार्केट यार्डातली अडत, विश्रामबागचे क्लास, कॉलेजजवळची झेरॉक्सची दुकानं. जास्त करून मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. चालतंय झकास, पण कधीतरी सकाळी सकाळी फोन येतोच की दादा, कॅल्क (लिब्रेऑफिसमधलं एक्सेलसारखं अ‍ॅप) उघडंना झालंय, काढून परत टाकू का?

नका टाकू. निदान लगेच तरी नको. विंडोजवर आपल्याला ही सवय लागलेली असते, बिघडलं की अनइन्स्टॉल, परत इन्स्टॉल, त्यानं भागलं नाही तर फॉरमॅट. लिनक्समध्ये अ‍ॅपच्या फायली एका जागी असतात (सिस्टिमच्या यूएसआर फोल्डरात) आणि तुम्ही त्या अ‍ॅपमध्ये केलेल्या सेटिंग दुसऱ्या जागी, तुमच्या होम फोल्डरात लपवलेल्या. अ‍ॅप काढून परत टाकलं की पहिल्या जागच्या फायली नव्या येतात, होममधलं सगळं जसंच्या तसं राहतं, आणि माझ्या बघण्यात तरी बिघाड बहुतेक वेळा होममध्येच असतो. लोक 'पर्ज' म्हणून जो जालीम उपाय सांगतात तोही होमला हात लावत नाही. त्यामुळं अर्धा तास डाउनलोडमध्ये घालवून तुम्ही परत तिथंच.

खालचं सगळं मिंट सिनॅमन (सिनॅमन म्हणजे मिंटचा डेस्कटॉप) धरून लिहिलंय, उबंटूवर (लिनक्सचा दुसरा प्रकार) जिथं वेगळं आहे तिथं सांगतो. कमांड मी फोनवर सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल, 'डॅश' म्हटलं की वजाबाकीचं चिन्ह, आणि पहिल्या डॅशच्या आधी स्पेस द्यायची, नंतर द्यायची नाही ('डॅश डॅश' म्हटलं की दोन्ही चिकटून, शब्दांच्या मधला डॅशही चिकटून). कॅपिटल लागेल तिथं तसं लिहीन.

हाताशी काय पाहिजे

- लॉगिनचा पासवर्ड. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) तो टाइप करताना काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत, पण तो जात असतो.
- पेन ड्राइव्ह, तुमच्या कामाच्या फायली मावतील एवढा.
- मोबाइलवर नेट, म्हणजे मशीन अडकलं तरी शोधता येतं.
- वही-पेन. हसू नका. काय बदललं ते क्रमानं लिहून ठेवलं नाही तर उलटं फिरता येत नाही.

सुरू करायच्या आधी कामाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या. २०१९ चा पूर बघितलेल्या सांगलीकराला दुसरी प्रत का ठेवायची हे वेगळं सांगायला नको. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, बघा, फरक पडला नाही तर परत होती तशी करा आणि मगच पुढं जा. चार गोष्टी एकदम केल्या आणि चालू झालं तर कशानं झालं ते कळत नाही, आणि महिन्याभरानं तेच झालं की परत शून्यापासून.

## १. आधी नक्की काय होतंय ते ठरवा

"चालंना झालंय" एवढ्यावर काही करता येत नाही. अ‍ॅप उघडतच नाही, का उघडून लगेच गायब होतं, का उघडतं पण मध्येच अडकतं, का सगळं चालतं पण एकच गोष्ट होत नाही (प्रिंट, मराठी टायपिंग, फाइल सेव्ह)? हे चार वेगळे आजार आहेत.

मग तीन प्रश्न. एकाच फाइलला होतंय का सगळ्या? नवीन कोरी फाइल उघडून बघा, ती चालली तर अ‍ॅप ठणठणीत आहे, फाइल बिघडलीय. एकाच अ‍ॅपला होतंय का सगळ्या? प्रिंट रायटरमधून (लिब्रेऑफिसमधलं वर्डसारखं) जात नाही, टेक्स्ट एडिटरमधूनही जात नाही, तर रायटरच्या मागं लागून उपयोग नाही, प्रिंटर बघा. आणि कधीपासून? कालपर्यंत चालत होतं तर काल काय झालं, अपडेट मारलं, लाईट गेली, का घरच्या कुणी काही टाकलं?

अपडेट आठवत नसेल तर मशीनला विचारा. सिस्टिमच्या 'व्हार' फोल्डरात 'लॉग', त्यात 'एपीटी', त्यात 'हिस्टरी डॉट लॉग' नावाची फाइल असते, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. कुठल्या तारखेला किती वाजता काय टाकलं, काय काढलं, काय अपग्रेड झालं, सगळं तारीखवार. माणूस "मी काहीच केलं नाही ओ" म्हणत असतो तेव्हा ही फाइल लय कामाची.

## २. अडकलंय? नीट बंद करा

हँग झालं की लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका. आधी मिनिटभर थांबा, हार्ड डिस्कचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर ते काहीतरी करतंय, जुन्या मशीनमध्ये एसएसडी नसली की वेळ लागतोच.

तरी हलेना तर ऑल्ट आणि एफ२ दाबा, छोटी चौकट येईल, त्यात 'एक्सकिल' टाइप करून एंटर. माऊसचा बाण बदलून फुलीसारखा होतो. त्यानं अडकलेल्या खिडकीवर क्लिक केलं की ती गेली. चुकून दुसरीकडं क्लिक करू नका, विचार बदलला तर राइट क्लिक करून सोडा. उबंटूवर वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवायची नवी पद्धत) सेशन असेल तर एक्सकिल सगळ्या खिडक्यांना लागू पडत नाही, तिथं सिस्टिम मॉनिटर उघडून तिथून प्रोसेस (म्हणजे पडद्यामागं चालू असलेलं अ‍ॅप) संपवा. मिंटमध्ये अ‍ॅप नव्हे, तर खालची पट्टी आणि मेन्यूच थिजला असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एस्केप दाबा, फक्त डेस्कटॉप नव्यानं सुरू होतो, उघडी कामं तशीच राहतात.

आता यातला नेहमीचा सापळा. खिडकी गेली पण प्रोसेस मागं जिवंत राहिली. मग तुम्ही आयकॉनवर दहादा डबल क्लिक करताय आणि काहीच येत नाही, कारण नवीन अ‍ॅप जुन्या अडकलेल्या प्रोसेसला जाऊन विचारतंय की खिडकी उघड. लिब्रेऑफिसचं हमखास असं होतं. टर्मिनल उघडा (कंट्रोल-ऑल्ट-टी) आणि 'पीग्रेप, स्पेस, डॅश ए, स्पेस, एसऑफिस' टाका. काही ओळी आल्या तर ते मागं चालू आहे. 'पीकिल, स्पेस, एसऑफिस' म्हणा, ही सभ्यपणे सांगण्याची पद्धत, अ‍ॅपला आवराआवर करायला वेळ मिळतो. थोडं थांबून तरी गेलं नाही तर मधे 'डॅश ९' घालून परत. डॅश ९ म्हणजे विचारणं नाही, सरळ उचलून बाहेर, त्यामुळं सेव्ह न केलेलं गेलंच समजा. आणि लक्षात ठेवा, रायटर, कॅल्क, इम्प्रेस हे सगळं एकाच प्रोसेसमध्ये चालतं, कॅल्क मारायला गेला तर शेजारी उघडं असलेलं पत्रही जाणार.

डॅश ९ नंही मरत नसेल तर 'टॉप' चालवून 'एस' नावाच्या कॉलममध्ये बघा. तिथं कॅपिटल डी दिसत असेल तर प्रोसेस डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फोल्डरची वाट बघत अडकलीय, ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पेन ड्राइव्ह अर्धवट निघालाय का, दुसऱ्या मशीनवरचं शेअर फोल्डर बंद पडलंय का, ते बघा.

## ३. जागा आणि रॅम, दोन मिनिटांचं काम

'डीएफ, स्पेस, डॅश एच'. शेवटी नुसता तिरका दांडा असलेली ओळ बघा, ती तुमची मुख्य डिस्क. वापर १०० टक्के दिसतोय? मग अ‍ॅपचा काही दोष नाही, त्याला तात्पुरत्या फायली लिहायला जागाच नाही. अशा वेळी अ‍ॅप धड काही सांगत नाहीत, नुसती उघडत नाहीत. कधीकधी तर लॉगिन केलं की परत लॉगिनचीच स्क्रीन येते.

मिंटवर जागा खाणारा पहिला संशयित टाइमशिफ्ट. ते सिस्टिमचे स्नॅपशॉट घेतं, चांगली गोष्ट आहे, पण त्याच डिस्कवर रोजचे आणि आठवड्याचे साठवत राहिलं की १२० जीबीची एसएसडी भरायला वेळ लागत नाही. टाइमशिफ्ट उघडून जुने काढा, दोन-तीन ठेवा. मग कचरापेटी रिकामी करा. मग 'सुडो एपीटी क्लीन' ('सुडो' म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालवणं, पासवर्ड विचारतं), यानं डाउनलोड करून ठेवलेली पॅकेज (अ‍ॅप टाकायच्या फायली) जातात, टाकलेली अ‍ॅप जात नाहीत. होममध्ये कंट्रोल-एच दाबलं की लपवलेल्या गोष्टी दिसतात, त्यात 'डॉट एक्ससेशन-एरर्स' नावाची फाइल कधीकधी काही जीबीची झालेली असते, कारण एखादं अ‍ॅप तिथं रात्रंदिवस ओरडत असतं. ती उघडून शेवटच्या ओळी वाचा म्हणजे कोण ओरडतंय तेही कळतं.

रॅमसाठी 'फ्री, स्पेस, डॅश एच'. इथं नवीन माणूस 'फ्री' चा आकडा बघून घाबरतो. तो बघायचा नाही, 'अ‍ॅव्हेलेबल' चा बघायचा. लिनक्स मोकळी रॅम डिस्कच्या फायली लक्षात ठेवायला वापरतं आणि गरज पडली की सोडतं. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरच्या वीस टॅब उघडून वर कॅल्क उघडलं तर कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच एखादं अ‍ॅप मारून टाकतं, आणि तुम्हाला वाटतं आपोआप बंद झालं.

## ४. टर्मिनलमधून चालवा आणि ते काय बोलतंय ते ऐका

एवढी एकच पायरी केली तरी चालेल. आयकॉनवर क्लिक केलं की अ‍ॅप जे काही बोलतं ते तुम्हाला दिसत नाही. तेच टर्मिनलमधून चालवलं की सगळी कुरकुर समोर.

कॅल्कसाठी 'लिब्रेऑफिस, स्पेस, डॅश डॅश कॅल्क', फायरफॉक्ससाठी नुसतं 'फायरफॉक्स'. नाव माहीत नसेल तर मिंटच्या मेन्यू बटणावर राइट क्लिक, कॉन्फिगर, तिथून मेन्यू एडिटर, त्यात त्या अ‍ॅपच्या प्रॉपर्टीजमध्ये कमांडचा रकाना असतो. फ्लॅटपॅक (अ‍ॅप टाकायची एक वेगळी पद्धत) असेल तर 'फ्लॅटपॅक लिस्ट' करून त्याचा लांबलचक आयडी घ्यायचा आणि 'फ्लॅटपॅक रन' पुढं तो द्यायचा.

तुमची सिस्टिम मराठीत असेल तर कमांडच्या आधी 'एलसी अंडरस्कोर ऑल बरोबर सी' लिहा (एलसी, ऑल आणि सी कॅपिटल, बरोबर म्हणजे इक्वल टूचं चिन्ह, त्याच्या आजूबाजूला स्पेस नाही), मग स्पेस, मग कमांड. संदेश इंग्रजीत येतात. एरर नेटवर शोधायची तर इंग्रजीच लागते, अनुवादित एरर शोधून काही हाती लागत नाही.

आता भरपूर ओळी येतील, घाबरू नका. 'जीटीके वॉर्निंग' असं लिहिलेल्या ओळी बहुतेक बिनकामाच्या, चांगल्या चालणाऱ्या अ‍ॅपमध्येही येतात. वरून खाली वाचत या आणि पहिली खरी एरर शोधा. सगळे शेवटची ओळ बघतात, पण शेवटची बहुतेकदा पहिलीचा परिणाम असते.

काय आलं तर काय समजायचं:

'परमिशन डिनाइड': फाइल तुमच्या नावावर नाही. पायरी ६.

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस': पायरी ३ नीट केली नाहीत.

'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम': हे गंभीर. बाकी सगळं थांबवा, पायरी ७ वाचा.

'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' आणि पुढं 'एसओ' असलेलं काहीतरी नाव: अ‍ॅपला लागणारी लायब्ररी नाही. इथं मात्र परत टाकण्यात अर्थ आहे, पण पायरी ९ मध्ये सांगितलंय तसं. अ‍ॅपइमेज फाइल (न टाकताच चालणारं, एकाच फायलीतलं अ‍ॅप) असेल आणि नाव 'लिबफ्यूज' चं असेल तर लिबफ्यूज २ चं पॅकेज टाका, उबंटू २२.०४ पासून पुढं ते आपोआप येत नाही. अ‍ॅपइमेज डबल क्लिकनं काहीच करत नसेल तर आधी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ती प्रोग्रॅम म्हणून चालवायची परवानगी दिलीय का बघा, निम्म्या वेळा तेच असतं.

'सेगमेंटेशन फॉल्ट': अ‍ॅपनं मेमरीत नको तिथं हात घातला आणि कर्नलनं हाकललं. कारण प्लगइन, ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा अ‍ॅपमधलाच बग. पायरी ५ करा.

नुसतं 'किल्ड': रॅम संपली, जवळजवळ खात्रीनं. पक्कं करायचं तर 'सुडो जर्नलसीटीएल, स्पेस, डॅश के' चालवा, कर्नलचा लॉग येतो, त्यात 'आउट ऑफ मेमरी' शोधा, कुणाला मारलं ते नावानिशी असतं.

आणि काहीच न बोलता अ‍ॅप नीट उघडलं तर? मग अ‍ॅप बरोबर आहे, आयकॉन जुन्या किंवा चुकीच्या कमांडला जोडलाय. मेन्यू एडिटरमध्ये दुरुस्त करा.

## ५. सेटिंग बाजूला ठेवून बघा

दोष सिस्टिमचा का तुमच्या सेटिंगचा हे ठरवायचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे नवीन युजर. सिस्टिम सेटिंगमध्ये 'युजर्स अँड ग्रुप्स', तिथं एक चाचणीपुरता युजर करा, लॉगआउट होऊन त्यात शिरा, तेच अ‍ॅप उघडा. तिथं चाललं तर दोष तुमच्या होममध्ये. तिथंही नाही चाललं तर सिस्टिममध्ये, सरळ पायरी ९ कडं जा (तक्रार मराठी टायपिंगची किंवा फॉन्टची असेल तर ८ कडं). लोक हे करायचा कंटाळा करतात आणि चार तास चुकीच्या जागी खणतात.

लिब्रेऑफिस: हेल्प मेन्यूत 'रीस्टार्ट इन सेफ मोड' आहे. उघडतच नसेल तर टर्मिनलमध्ये 'लिब्रेऑफिस, स्पेस, डॅश डॅश सेफ डॅश मोड'. सेफ मोडमध्ये नीट चाललं तर तुमची प्रोफाइल (तुमच्या सेटिंगचं फोल्डर) बिघडलीय. तिथंच एक्स्टेन्शन बंद करायचा, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करायचा पर्याय आहे, आधी ते करून बघा. सगळं फॅक्टरीसारखं करायचं बटणही आहे, पण मला ते आवडत नाही, त्यात तुमचं सगळंच जातं. त्यापेक्षा हातानं करा.

अ‍ॅप पूर्ण बंद करा (पायरी २ सारखं तपासून). होम उघडा, कंट्रोल-एच, 'डॉट कॉन्फिग', त्यात 'लिब्रेऑफिस', त्यात '४', त्यात 'युजर'. हा ४ बघून गोंधळू नका, तो व्हर्जनचा आकडा नाही. ४.० आलं २०१३ मध्ये तेव्हापासून फोल्डरचं नाव तेच राहिलंय, तुमच्याकडं ७ असो वा २४. 'युजर' चं नाव बदलून 'युजर-जुना' करा. डिलीट करायचं नाही, नाव बदलायचं. अ‍ॅप उघडा, ते स्वतः नवीन कोरं फोल्डर तयार करतं.

चाललं? मग जुन्यातून कामाचं तेवढं परत आणा. 'वर्डबुक' मध्ये तुम्ही डिक्शनरीत घातलेले शब्द, 'ऑटोटेक्स्ट' मध्ये तुमचे ठरलेले मजकूर, 'टेम्प्लेट' मध्ये साचे, 'बेसिक' मध्ये मॅक्रो. अडतीतल्या दिवाणजींनी पट्टीचा साचा आणि तोलाई-हमाली वजा करणारे मॅक्रो बसवलेले असतात, ते गेले तर हळदीच्या सीझनमध्ये तुमची काही खैर नाही. एकेक फोल्डर आणून अ‍ॅप उघडून बघत जा. 'रजिस्ट्रीमॉडिफिकेशन्स' नावाची फाइल मात्र आणू नका, सेटिंग त्यातच असतात आणि गडबड बहुधा तिथलीच.

फायरफॉक्स: हेल्पमध्ये 'ट्रबलशूट मोड', त्यात एक्स्टेन्शन बंद राहतात. तिथं चाललं तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा. नाही तर 'फायरफॉक्स, स्पेस, डॅश कॅपिटल पी' नं नवीन प्रोफाइल. जुनी पुसू नका, बुकमार्क आणि पासवर्ड तिच्यात आहेत.

बाकी अ‍ॅपचंही तेच तंत्र. 'डॉट कॉन्फिग' मध्ये नाही सापडलं तर 'डॉट लोकल' मधल्या 'शेअर' मध्ये. फ्लॅटपॅकवाल्यांचं होममधल्या 'डॉट व्हार' मधल्या 'अ‍ॅप' फोल्डरात, स्नॅपचं (उबंटूची अ‍ॅप टाकायची तसलीच वेगळी पद्धत) 'स्नॅप' फोल्डरात. हा घोळ लक्षात ठेवा, एकच अ‍ॅप दोन पद्धतीनं टाकलेलं असलं की माणूस एकाची सेटिंग बदलतो आणि उघडतो दुसरंच. उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅपमधून येतं, मिंटमध्ये साधं पॅकेज म्हणून येतं.

## ६. फाइल तुमच्या नावावर आहे का

कुणीतरी सांगितलेलं असतं की चालत नसेल तर पुढं सुडो लावून चालव. चालतं पण. आणि त्या एका वेळेत होममधल्या काही सेटिंग फायली रूटच्या (सिस्टिमच्या अ‍ॅडमिनच्या) नावावर होऊन बसतात, मग साध्या पद्धतीनं अ‍ॅप उघडायला गेलं की ते स्वतःच्याच फायलींना हात लावू शकत नाही. खिडकीवालं अ‍ॅप सुडोनं कधीच चालवायचं नाही.

होममध्ये फोल्डरवर कुलपाचं चिन्ह दिसलं की समजा. दुरुस्ती: 'सुडो, स्पेस, सीएचओन, स्पेस, डॅश कॅपिटल आर, स्पेस, तुमचं युजरनेम, कोलन, परत युजरनेम, स्पेस', आणि पुढं फक्त त्या अ‍ॅपचं फोल्डर. फोल्डरचा पत्ता टाइप करू नका, फाइल मॅनेजरमधून ओढून टर्मिनलमध्ये सोडा, आपोआप बरोबर उमटतो. हातानं टाइप करताना तिरक्या दांड्यानंतर एक स्पेस चुकून पडली तर अख्ख्या सिस्टिमच्या फायली तुमच्या नावावर होतात, मग मात्र फॉरमॅटच.

'सीएचमॉड ७७७' (फाइलवर सगळ्यांना सगळी परवानगी देणारी कमांड) सांगणाऱ्याचं ऐकू नका.

## ७. लाईट गेल्यानंतर बिघडलं असेल तर

वळवाचा पाऊस आला की आपल्याकडं हे ठरलेलंच. यूपीएसची बॅटरी मेलेली, मशीन धाडकन बंद, आणि परत सुरू केलं की पट्टीची फाइल "दुसऱ्या कुणीतरी उघडलीय" म्हणते किंवा फक्त वाचायलाच उघडते. मशीनवर तर तुम्ही एकटेच.

फाइल ज्या फोल्डरात आहे तिथं कंट्रोल-एच दाबा. फाइलच्याच नावाची पण आधी 'डॉट, टिल्ड, लॉक, डॉट' आणि शेवटी हॅशचं चिन्ह असलेली बारकी फाइल दिसेल. लिब्रेऑफिस फाइल उघडताना ती बनवतं आणि बंद करताना पुसतं, लाईट गेली तर पुसायला वेळच मिळत नाही. लिब्रेऑफिस पूर्ण बंद आहे याची खात्री करा आणि ती बारकी फाइल काढून टाका. पण फोल्डर नेटवर्कवर असेल, म्हणजे दुकानात दोन मशीनवर एकच हिशोब असेल, तर आधी ती लॉकची फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, कुणी उघडलीय ते त्यात असतं. पलीकडच्या टेबलावर खरंच कुणी काम करत असेल तर त्याला विचारल्याशिवाय काढू नका, दोघांनी एकाच फाइलवर लिहिलं की एकाचं गेलं.

आता 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम'. डिस्कवर चूक दिसली की कर्नल आणखी नुकसान नको म्हणून डिस्क फक्त वाचायला ठेवतं. मग सगळीच अ‍ॅप वेड्यासारखं करायला लागतात, काहीच सेव्ह होत नाही. पहिलं काम, कामाच्या फायली पेन ड्राइव्हवर. दुसरं, मशीन रीस्टार्ट करा, सुरू होताना डिस्कची तपासणी होते. तिसरं, 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप उघडून 'स्मार्ट डेटा' (डिस्कच्या तब्येतीची माहिती) बघा. तिथं डिस्क मरायला लागल्याचं दिसत असेल तर सॉफ्टवेअरच्या खटपटी बंद करा आणि नवी एसएसडी आणा.

## ८. मराठी टायपिंग आणि फॉन्टच्या तक्रारी

सगळीकडं मराठी टाइप होतं, एकाच अ‍ॅपमध्ये होत नाही. टर्मिनलमध्ये 'इको', स्पेस, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'जीटीके अंडरस्कोर आयएम अंडरस्कोर मॉड्यूल' (हे सगळं कॅपिटल) टाकून बघा. मिंटवर उत्तर 'आयबस' (मराठी टायपिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर) यायला पाहिजे, 'एफसीआयटीएक्स' नावाचं तसलंच दुसरं वापरत असाल तर ते. रिकामं आलं तर मेन्यूत 'इनपुट मेथड' उघडून आयबस निवडा, लॉगआउट करून परत या. क्यूटीवर (जीटीकेसारखंच खिडक्या-बटणं बनवायचं साधन) बनवलेल्या अ‍ॅपसाठी जीटीकेच्या जागी क्यूटी लिहून तेच तपासा. आयबस मध्येच झोपलं असेल तर 'आयबस रीस्टार्ट' पुरतं.

तरी एखादं हट्टी अ‍ॅप ऐकत नसेल तर आयबसचा नाद सोडा. कीबोर्ड लेआउटच्या यादीत 'मराठी कागापा फोनेटिक' आणि 'मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट' असे दोन लेआउट आहेत. ते थेट कीबोर्डच्या पातळीवर चालतात, त्यामुळं अ‍ॅपला आयबस कळतं का नाही हा प्रश्नच येत नाही. माझं मत विचाराल तर रोज मराठी टाइप करणाऱ्यानं इनस्क्रिप्टच शिकावं, पंधरवड्याचा त्रास आहे.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसतायत? फॉन्ट नाही. 'एफसी-लिस्ट, स्पेस, कोलन लँग बरोबर एमआर' टाका, मराठी येणारे फॉन्ट दिसतील. यादी रिकामी असेल तर 'फॉन्ट्स-देवा' हे पॅकेज टाका.

जुन्या फायलीत मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर ते वेगळं. ती फाइल श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलीय, अ‍ॅपचा आणि लिनक्सचा काही दोष नाही. तुमच्याकडं तो फॉन्ट असेल तर होममधल्या 'डॉट लोकल', 'शेअर', 'फॉन्ट्स' मध्ये टाका (नसेल तर फोल्डर बनवा) आणि 'एफसी-कॅश' चालवा. आणि सवडीनं त्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्या.

## ९. अपडेटनंतर बिघडलं, किंवा सगळं करून झालं

पॅकेज अर्धवट टाकली गेली असतील, म्हणजे अपडेट चालू असतानाच लाईट गेली असेल, तर आधी 'सुडो डीपीकेजी, स्पेस, डॅश डॅश कॉन्फिगर, स्पेस, डॅश ए', मग 'सुडो एपीटी, स्पेस, डॅश डॅश फिक्स डॅश ब्रोकन, स्पेस, इन्स्टॉल'. दुसरी कमांड 'एवढी पॅकेज काढू का' विचारते तेव्हा यादी वाचा. त्यात सिनॅमनचं नाव दिसलं तर एन दाबा, नाही तर डेस्कटॉपच जाईल.

मग एकट्या अ‍ॅपसाठी 'सुडो एपीटी इन्स्टॉल, स्पेस, डॅश डॅश रीइन्स्टॉल' आणि पॅकेजचं नाव. फ्लॅटपॅकला 'फ्लॅटपॅक रिपेअर', स्नॅपला 'सुडो स्नॅप रिव्हर्ट' आणि नाव, म्हणजे आधीच्या व्हर्जनवर जातं. एवढ्यानंही नाही झालं आणि अपडेटच्या आधीचा टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट असेल तर तो परत आणा. टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये होमला धरत नाही, त्यामुळं तुमच्या फायली जुन्या होत नाहीत, पण त्याच कारणानं त्याला फायलींचा बॅकअपही समजू नका.

## १०. मदत मागायची वेळ आली तर

"अ‍ॅप चालत नाही, अर्जंट हेल्प" असं लिहिलं की कुणी उत्तर देत नाही. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो टाकला तरी नाही, टर्मिनलमधला मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल-शिफ्ट-सी नं कॉपी होतो, तो टाका. मशीनची माहिती 'आयएनएक्सआय, स्पेस, डॅश कॅपिटल एफ, एक्स झेड' नं येते, त्यातला झेड महत्त्वाचा, तो सिरियल नंबर आणि नेटवर्कचे पत्ते झाकतो. टर्मिनलच्या मजकुरात तुमचं युजरनेम आणि फायलींची नावं असतात, कुणा गिऱ्हाइकाचं नाव त्यात येत असेल तर बदलून टाका.

लिहायचं ते साधारण असं:

"मिंट २२ सिनॅमन, ८ जीबी रॅम, लिब्रेऑफिस साधं पॅकेज, फ्लॅटपॅक नाही. कालच्या अपडेटनंतर कॅल्क उघडून लगेच बंद होतं. कोरी फाइल असली तरी होतं. सेफ मोडमध्येही होतं, नवीन युजरमध्येही होतं. डिस्कवर ४० जीबी मोकळी. टर्मिनलचा मजकूर आणि कालची हिस्टरी डॉट लॉग खाली जोडलीय."